सप्लायर निवड: आकडे तेच, वेटेज तेच, तरी दोन एक्सेलमध्ये दोन वेगळे पहिले नंबर!

बोअरिंगबार
मंडळी नमस्कार. गोकुळ शिरगावात आमचं मशीन शॉप आहे, परचेस मी बघतो. ग्रे आयर्नचं (बिडाचं) एक हाऊसिंग आहे, साधारण ८ किलोचं, महिन्याला हजारभर नग, आणि त्याचं कास्टिंग सध्या ज्यांच्याकडून येतंय त्यांच्याशिवाय अजून दोन फाउंड्र्यांना ट्रायल लॉट दिलेले. आता रेग्युलर कुणाला द्यायचं ते ठरवायचंय. मालकांचा मुलगा एमबीए करून आलाय, तो म्हणाला तोंडं बघून ऑर्डर द्यायची नाही, पद्धतशीर करायचं, म्हणून एएचपीनं वेटेज काढलं आणि टॉपसिसनं रँकिंग केलं.

अ (सध्याचे): ९२ रुपये किलो, रिजेक्शन ६ टक्के, वेळेवर माल ७० टक्के, उधारी ६० दिवस
ब: ९४ रुपये, ३ टक्के, ८५ टक्के, ४५ दिवस
क: ९७ रुपये, १.५ टक्के, ९२ टक्के, ३० दिवस

वेटेज आलं ते असं: क्वालिटी ४७.६, डिलिव्हरी २८.८, किंमत १५.५, उधारी ८.१. कन्सिस्टन्सी रेशो ०.०१ च्याही आत, म्हणजे तिकडं काही लोचा नाही.

आता गंमत बघा. माझ्या शीटमध्ये क पहिला, ०.९१. मग ब ०.६७, अ ०.०९. आमच्या क्वालिटीवाल्यानं त्याच्या शीटमध्ये तेच वेटेज घालून काढलं तर ब पहिला ०.६२, क ०.६०, आणि अ चक्क ०.४०. फॉर्म्युले दोघांचे तीनतीनदा तपासले, बरोबर आहेत. मीटिंगमध्ये मालक म्हणाले, तुमच्या कॉम्प्युटरलाच ठरवता येईना, मग अ लाच राहू दे की, स्वस्त आहे. हे असं कसं होतंय कुणी सांगेल का?

उद्यमनगरी
आधी मला हे एएचपी न् टॉपसिस काय ते मराठीत सांगा बघू. आम्ही तीस वर्षं फाउंड्रीच्या दारात उभं राहून, वाळू हातात घेऊन, भट्टीवरच्या माणसाशी दोन शब्द बोलून सप्लायर ठरवला. चुकलो नाही असं म्हणत नाही पण एक्सेलनं कधी भांडण लावलं नव्हतं.

रंकाळ्याचा वारा
काका, एक्सेल नव्हतं म्हणून, नाहीतर लागलं असतंच 😄

आयई_मास्तर
काका, एएचपी म्हणजे निकष दोन-दोन घेऊन तुलना करायची. क्वालिटी डिलिव्हरीपेक्षा किती महत्त्वाची? सारखीच असेल तर १, टोकाची असेल तर ९, मधे पायऱ्या. थॉमस साटी यांनी १९७० च्या दशकात बसवलेली पद्धत. सगळ्या जोड्या भरल्या की त्यातून वेटेज निघतं. आणि तिची खरी करामत कन्सिस्टन्सी रेशोत आहे. समजा तुम्ही म्हणालात क्वालिटी डिलिव्हरीच्या तिप्पट, डिलिव्हरी किमतीच्या तिप्पट, आणि मग शेवटी किंमत क्वालिटीच्या दुप्पट, तर हा रेशो ०.८६ येतो. चालतो तो ०.१ पर्यंत. म्हणजे माणूस स्वतःशीच भांडतोय हे आकड्यात दिसतं. मालक लोकांचे असे तक्ते मी पुष्कळ बघितलेत, बोलायला क्वालिटी वर आणि सही करताना किंमत वर.

टॉपसिस ह्वांग आणि यून यांचं, १९८१ चं. त्यात दोन काल्पनिक सप्लायर उभे करायचे. एकाकडं प्रत्येक निकषातलं सगळ्यात चांगलं, दुसऱ्याकडं सगळ्यात वाईट. मग खरा सप्लायर चांगल्याच्या किती जवळ आणि वाईटापासून किती लांब ते मोजायचं. १ च्या जवळ म्हणजे उत्तम.

बोअरिंगबार, एकच विचारतो. तुम्ही क्वालिटीच्या कॉलममध्ये रिजेक्शन घातलंय, ६, ३, १.५. तुमच्या क्वालिटीवाल्यानं काय घातलंय? रिजेक्शन का ॲक्सेप्टन्स?

बोअरिंगबार
थांबा बघतो... ॲक्सेप्टन्स. ९४, ९७, ९८.५. त्यांच्या रिपोर्टमध्ये तसंच असतं. पण सर गोष्ट तर एकच झाली ना?

आयई_मास्तर
कारखान्यात एकच. टॉपसिसच्या गणितात नाही. तिथं प्रत्येक कॉलमच्या आकड्यांचे वर्ग करून, बेरीज करून, वर्गमूळ काढून त्यानं भागतात. ६, ३, १.५ ला असं भागलं की ०.८७, ०.४४, ०.२२ येतात, म्हणजे अ आणि क मधे जमीन-अस्मानाचा फरक. ९४, ९७, ९८.५ ला भागलं की ०.५६, ०.५८, ०.५९. फरक जवळजवळ गायबच. वेटेज ४७.६ दोन्हीकडं तेच, पण पहिल्या शीटमध्ये क्वालिटी सगळ्यांना खाऊन टाकते आणि दुसरीत नावाला उरते, मग निकाल डिलिव्हरी आणि उधारीवर जातो. ६० दिवसांची उधारी देणारा अ वर येतो तो त्यामुळं.

आणि किमतीचं बघा, हे जास्त वाईट आहे. ९२, ९४, ९७ चे होतात ०.५६, ०.५८, ०.५९. दोन्ही शीटमध्ये. म्हणजे मालकांना तुम्ही किमतीला साडेपंधरा टक्के दिलेत असं सांगितलंत, ते प्रत्यक्षात कुठं पोचलेच नाहीत. मालकांना जे वाटतंय की यांनी किंमत गिळली, ते चुकीचं नाही.

बोअरिंगबार
आयला. म्हणजे मालक बरोबर?

आयई_मास्तर
तक्रार बरोबर, निष्कर्ष नाही. कॉलम बदलून सोपं करा. प्रत्येक निकषात सगळ्यात वाईटाला ०, सगळ्यात चांगल्याला १, मधल्याला प्रमाणात. मग रिजेक्शन लिहा नाहीतर ॲक्सेप्टन्स, आकडा तोच येतो. वेटेजनं गुणून बेरीज करा: क ०.७६, ब ०.६५, अ ०.२४. टॉपसिसचं नावही घ्यायची गरज नाही.

पण यात एक अट आहे आणि ती फार लोक पाळत नाहीत. वेटेज विचारताना "क्वालिटी महत्त्वाची का किंमत" असं मोघम विचारायचं नाही. मालकांना विचारा, रिजेक्शन ६ वरून दीडवर आलं तर जास्त बरं वाटेल, का रेट ९७ वरून ९२ वर आला तर? किती जास्त? हा प्रश्न विचारल्यावर वेटेज बदलतं, मी पैज लावतो. कारण रेटमधला फरक किलोला ५ रुपयांचाच आहे हे तेव्हा डोळ्यांसमोर येतं. उद्या कुणी ८० रुपयाला द्यायला आला तर पट्टा (सगळ्यात वाईट ते सगळ्यात चांगलं हे अंतर) बदलला, परत विचारायचं.

मोल्डबॉक्स
शिरोलीत फाउंड्री आहे माझी, आपण पलीकडच्या बाजूनं बोलतो. हे वेळेवर ७० टक्के ८५ टक्के कुणी मोजलं? तुमच्या गेट एन्ट्रीच्या तारखेवरून ना? मग शेड्यूल तुम्ही महिन्याच्या ३ तारखेला बदललं, पॅटर्न (ज्यावरून वाळूचा साचा काढतात तो नमुना) दुरुस्तीला आठ दिवस तुमच्याकडंच पडून होता, मागचं बिल अडकलंय म्हणून मी हीट (भट्टी लावून ओतायचं काम) पुढं ढकलली, हे सगळं त्या ७० मधे आहे का? बरं अ जुना सप्लायर आहे, त्याचे आकडे वर्षभराचे असणार, ब आणि क चे ट्रायल लॉटचे. ट्रायल लॉटला मर्दा मी स्वतः भट्टीवर उभा राहतो. ट्रायलला दीड टक्का सगळेच देतात.

उद्यमनगरी
हे बोललास खरं. लाखात एक.

बोअरिंगबार
@मोल्डबॉक्स, ट्रायलचे आहेत हे खरंय. ब चे तीन लॉट झालेत, क चे दोन. शेड्यूलचं पण तपासतो.

चाकण_सोर्सिंग
मूळचा इचलकरंजीचा, सध्या चाकणला एका मोठ्या कंपनीत सोर्सिंगला. इथं हे स्कोअरकार्ड रोजचं आहे. माझं मत, वेटेजच्या आधी रुपये करून बघा, जेवढं रुपयात बसतं तेवढं बसवा.

८ किलोचं कास्टिंग, अ चं ७३६ रुपयाला, ब चं ७५२, क चं ७७६. रिजेक्ट कास्टिंगचे पैसे तुम्ही डेबिट नोटनं परत घेता असं धरतो, पण मशीनिंग गेलं ते गेलं. ब्लो होल (कास्टिंगच्या आतली हवेची पोकळी) शेवटच्या बोअरिंगला उघडं पडतं हे तुम्हाला मी सांगायला नको. नगामागं २६० रुपये मशीनिंग धरलं तर चांगल्या नगावर अ चा भुर्दंड १६.६० रुपये, ब चा ८, क चा ४. बेरीज: अ ७५२.६०, ब ७६०, क ७८०. बघा, रिजेक्शन धरूनसुद्धा अ च स्वस्त! फरक ब शी साडेसात रुपयेच, पण स्वस्त. म्हणजे "क्वालिटी वाईट म्हणून अ महाग पडतो" हे नुसतं बोलायला बरं वाटतं, या पार्टला तरी आकड्यात बसत नाही. मशीनिंग ६०० रुपयाचं असतं तर चित्र वेगळं होतं.

अ ला मारणार ते डिलिव्हरीत. महिना हजार नगाला ब शी फरक ७४०० रुपयांचा. उशीर भरून काढायला एक-दोन स्पेशल टेम्पो चाकणला सोडले की ते गेले, आणि आमच्यासारख्याची लाईन थांबवलीत तर डेबिट येतं ते टेम्पोच्या कितीतरी पट. तुमच्या मागच्या वर्षाच्या स्पेशल टेम्पोच्या पावत्या काढा, त्यातल्या किती अ मुळं ते बघा. हे दोन तासांचं काम आहे आणि कुठल्याही वेटेजपेक्षा मालकांना लवकर पटेल. क ची किंमत मात्र जड आहे, अ पेक्षा महिन्याला २७ हजार वर. तेवढा उशीर खरंच वाचतोय का ते बघायला लागेल.

आयई_मास्तर
@चाकण_सोर्सिंग, सहमत. पण जे रुपयात बसत नाही त्याचं काय? नवीन पार्ट डेव्हलप करायची तयारी, स्पेक्ट्रो रिपोर्ट (धातूत काय किती आहे त्याची तपासणी) न मागता पाठवणं, प्रॉब्लेम झाला की मालक स्वतः फोन उचलतो का. ते शेवटी स्कोअरमध्येच घालावं लागतं. डिक्सन नावाच्या माणसानं १९६६ साली अमेरिका-कॅनडातल्या परचेसवाल्यांना विचारून २३ निकष काढले होते, त्यात क्वालिटी पहिली, डिलिव्हरी दुसरी, सप्लायरचा मागचा इतिहास तिसरा. किंमत सहावी! आणि १९९१ साली वेबर वगैरेंनी तोवरचे ७४ लेख चाळले तर सगळ्यात जास्त चर्चा किमतीचीच. लोक एक सांगतात, लिहिणारे दुसरंच लिहितात 😀

ताळेबंद
सीए आहे, म्हणून माझं लक्ष उधारीच्या कॉलमकडं गेलं. अ ६० दिवस देतो म्हणून त्याला पूर्ण मार्क दिलेत. अ ची उद्यम नोंदणी आहे का, सूक्ष्म किंवा लघु मध्ये? कोल्हापुरातल्या बहुतेक फाउंड्र्या असतात. असेल तर एमएसएमई कायदा २००६ प्रमाणे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या वर जाता येत नाही, आणि करार नसेल तर १५ दिवस. त्यापुढं बँक रेटच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज. शिवाय आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून आयकराच्या ४३बी(एच) नं आणलेल्या नियमाप्रमाणे मुदतीत न दिलेली रक्कम वर्षअखेर शिल्लक असेल तर त्या वर्षी खर्च म्हणून धरता येत नाही, प्रत्यक्ष द्याल त्या वर्षी मिळतो. म्हणजे अ चे शेवटचे १५ दिवस कागदावरचेच आहेत. ते ४५ धरा, अ आणि ब उधारीत सारखे झाले.

अजून एक. जीएसटी रिटर्न वेळेवर भरतो का हा निकषच नाहीये तुमच्या यादीत. त्यानं बिल अपलोड केलं नाही तर तुमच्या २बी मध्ये (जीएसटी क्रेडिटच्या पत्रकात) दिसत नाही आणि १८ टक्के क्रेडिट अडकतं. याला मार्क नका देऊ, हो किंवा नाही. नाही असेल तर यादीतच घ्यायचं नाही.

बोअरिंगबार
ताई हे आमच्या अकाउंटंटनं कधी सांगितलं नव्हतं. अ ची नोंदणी लघु मध्ये आहे, आत्ताच बघितली.

आयई_मास्तर
ताळेबंद यांचा मुद्दा मोठा आहे. बेरजेच्या सगळ्या पद्धतींत एका ठिकाणचं नापास दुसरीकडच्या डिस्टिंक्शननं भरून निघतं. रेट भारी म्हणून जीएसटीचं नापास चालणार आहे का? हार्डनेस ड्रॉइंगच्या बाहेर गेला तर? मग आधी चाळण, मग मार्क. फ्रेंच लोकांची इलेक्ट्र म्हणून पद्धत आहे, बर्नार्ड रॉय यांची, तिच्या पुढच्या प्रकारांत व्हेटोच असतो, एका निकषात फार मागं असेल तर बाकी कितीही भारी असू दे. आपल्याला ती सगळी शिकायची गरज नाही, चाळणीचा एक कॉलम पुरे.

रंकाळ्याचा वारा
मी इतका वेळ वाचून एवढंच समजलो की अ चा मालक हा धागा वाचत नसावा अशी प्रार्थना करा

मोल्डबॉक्स
वाचत असला तरी बिघडत नाही, मार्क कुठं गेले ते तरी कळंल त्याला. आम्हाला कंपन्या वर्षाच्या शेवटी "सी ग्रेड" एवढंच कळवतात, कशात सी ते नाही.

आता खरा विषय. ब आणि क कुठं आहेत? शिरोलीत?

बोअरिंगबार
अ आणि ब शिरोलीत. क कागल फाईव्ह स्टार एमआयडीसीला.

मोल्डबॉक्स
मग हे कुठल्या कॉलममध्ये घातलंय? ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१, दोन्ही वेळा शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली. माझी भट्टी चालू होती, माल तयार होता, आणि पंचगंगेच्या पलीकडं पोचवता येत नव्हता. तुम्ही गोकुळ शिरगावात, मधे नदी. अ सोडून ब घेतला काय आणि दोन्ही ठेवले काय, पूर आला की दोन्ही एकदमच बंद. कागलवाल्याचा रस्ता तुमच्याच बाजूनं आहे. हे मी माझ्याच पायावर धोंडा मारून सांगतोय.

चाकण_सोर्सिंग
हे एकेकट्या सप्लायरच्या मार्कांत येतच नाही, कारण अडचण अ मध्येही नाही आणि ब मध्येही नाही, दोघं एकाच बाजूला असण्यात आहे. मार्क सुटे सुटे देऊन वरचे दोन उचलले की असंच फसतं. दोघांना वाटून द्यायचं असेल तर जोड्यांना मार्क द्या: अ+ब, अ+क, ब+क. तिथं ब+क पुढं जाणार असं मला वाटतंय, पुराच्या बाबतीत अ+क सुद्धा वाईट नाही.

उद्यमनगरी
बोअरिंगबार, एक जुना माणूस म्हणून विचारतो. अकाउंट्सवाल्यानं वेटेज भरलं तर काय येतं ते बघितलं का? आमच्याकडं त्याचंच शेवटी चालायचं.

बोअरिंगबार
बघितलं काका, मास्तरांच्या ०-१ पद्धतीनं. त्यानं भरलं किंमत ४०, क्वालिटी २५, डिलिव्हरी २०, उधारी १५. तर ब ०.६२, अ ०.५५, क ०.४५. ताई म्हणतात तशी अ ची उधारी ४५ धरली तर अ आणि ब ला उधारीत सारखेच पूर्ण मार्क, अ तिथंच ०.५५ वर राहतो पण ब जातो ०.६९ वर.

म्हणजे एकाच्या वेटेजनं क, दुसऱ्याच्या वेटेजनं ब, आणि अ दोघांच्याही नाही. हे मालकांना दाखवलं तर त्यांनी एक्सेल बाजूला सारून पहिल्यांदाच विचारलं, अ ला वर्षभर का ठेवलंय मग? स्पेशल टेम्पोच्या पावत्या पण काढायला घेतल्यात.

आयई_मास्तर
हे झालं काम. वेटेज हलवून हलवून बघायचं, आणि कशानंही जो वर येत नाही तो बाजूला. राहिलेल्या दोघांत मग माणसानं ठरवायचं. एक सावध करतो, आता अ यादीतून काढलात की ०-१ चा पट्टा बदलतो, ब आणि क चे आकडे हलतील, एएचपीत तर रँक पण उलटी होऊ शकते. बेल्टन आणि गिअर यांनी १९८३ साली हे दाखवलं त्यावर अजून वाद चालू आहेत. घाबरू नका, फक्त अ काढल्यावर तो मघाचा प्रश्न परत विचारा: ३ टक्क्यावरून दीडवर यायला किलोमागं ३ रुपये द्याल का?

बोअरिंगबार
विचारलं. मालक म्हणाले ३ नाही, २ देतो. क ला ९६ ला विचारून बघतोय. तोवर ६० टक्के ब, ४० टक्के क असा विचार आहे, दोघांचे सहा-सहा लॉट झाले की मोल्डबॉक्स भाऊंनी सांगितल्याप्रमाणं खरे आकडे घालून परत काढणार.

मोल्डबॉक्स
६०-४० म्हणताय, पॅटर्न किती आहेत?

बोअरिंगबार
एकच सेट, अ कडं आहे. ट्रायलला फिरवला होता.

मोल्डबॉक्स
मग आधी ते बघा, बाकी नंतर. अ ची मॅचप्लेट (पॅटर्न बसवलेली पाटी) त्याच्या मशीनच्या बॉक्सला (वाळू भरायच्या पेटीला) बसवलेली असणार. ट्रायलला ब आणि क नी हातानं मोल्डिंग करून दिलं असेल, रेग्युलरला तसं परवडत नाही. दोघांच्या मशीनचा बॉक्स साईज वेगळा असला तर दोन मॅचप्लेटा, दोन वेळा गेटिंग-रायझर (साच्यात धातू जायच्या वाटा) बसवणं, दोन वेळा तुमच्या कस्टमरचं सॅम्पल अप्रूव्हल. त्याचे पैसे कोण देणार ते ब आणि क ला आत्ताच विचारा, रेट कमी करून मागायच्या आधी. आणि अ कडून पॅटर्न उचलायच्या आधी त्याचं बिल चुकतं करा, नाहीतर पॅटर्न सापडतच नाही, हे कुणीच एक्सेलमध्ये लिहीत नाही.

रंकाळ्याचा वारा
😂😂 शेवटचं वाक्य सोडून बाकी सगळं प्रिंट काढून ऑफिसात लावा

बोअरिंगबार
बॉक्स साईज दोघांकडून मागवलेत. अ चं बिल पंधरवड्याचं राहिलंय, तेही सोमवारी सोडतो.